पगारपत्रक नव्हतं तेव्हाचं इच्छापूर

इंदूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ‘इंदूर-इच्छापूर मार्ग’ हे नाव ऐकलेलं असतं. घाटातली वाहतूककोंडी, रस्त्याचं रुंदीकरण, अपघात, अशा प्रत्येक बातमीत ते येतं. त्यातलं इंदूर सगळ्यांना ठाऊक असतं. इच्छापूर कुठे आहे, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

बऱ्हाणपूरच्या पुढे वीस-बावीस किलोमीटरवर, मध्य प्रदेश संपता संपता हे गाव लागतं. टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ आहे. कुणा मराठा सुभेदाराने मुलासाठी नवस केला, तो पावला आणि त्याने देऊळ बांधलं, अशी कथा सांगतात. खाली तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन, केळी आणि कापूस. पुढे महाराष्ट्र आणि मुक्ताईनगर. सरकारी पाट्या हिंदीत आहेत, पण घराघरातलं बोलणं मराठी किंवा तिच्या खानदेशी बोलींतलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. महिनाअखेरीला खात्यात पगार जमा होतो आणि सोबत पगारपत्रक येतं: मूळ वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधी, कपाती. आपल्या पिढीला हे इतकं सवयीचं झालंय की काम म्हणजे नोकरी आणि मोबदला म्हणजे महिन्याचा पगार, असंच आपण धरून चालतो. पण दुसऱ्या महायुद्धाआधी, १९२० ते १९३९ या काळात, इच्छापूरपासून बैलगाडीने एका दिवसात पोहोचता येईल एवढ्या टापूत कामाचा मोबदला चार तऱ्हांनी मिळत होता: धान्याने, नगावर, रोजावर आणि महिन्यावर. त्या चारही तऱ्हांना मला एकच प्रश्न विचारायचाय: वाईट वर्ष आलं की त्याचा फटका कुणाला बसायचा?

एकाच कामाची दोन नावं

त्या वेळी इच्छापूर मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं. पलीकडचं एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, मुंबई इलाख्यातल्या पूर्व खानदेशात होतं. माती एक, पिकं एक, सोयरीकही दोन्हीकडे. पण सरहद्द ओलांडली की सरकारी कामाचं नाव बदलायचं. इकडे जमिनीचा हिशेब ठेवणारा पटवारी, तिकडे तलाठी. इकडे गावाची राखण करणारा, दवंडी देणारा, जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेणारा कोटवार. तिकडे तशाच कामाला जागल्या आणि महार. पटवारी आणि कोटवार हे शब्द मध्य प्रदेशात आजही चालतात.

निमाडात कोटवारकी बहुतेक बलाही समाजाकडे असे. हा समाज मूळचा जाडंभरडं सुती कापड विणणाऱ्यांचा. गिरणीचं स्वस्त कापड आठवडी बाजारात आलं तसा त्यांचा माग मागे पडला आणि हाती शेतमजुरी आणि गावकी उरली. स्टीफन फुक्स या ऑस्ट्रियन मिशनऱ्याने निमाडातल्या बलाहींमध्ये राहून अभ्यास केला. १९५० साली निघालेल्या त्याच्या ‘द चिल्ड्रन ऑफ हरी’ या ग्रंथात त्यांचं काम, कर्ज, लग्नं आणि देवदेवस्की यांची तपशीलवार नोंद आहे.

खळ्यावरचा वाटा

पहिली तऱ्हा धान्याची. सुताराने वर्षभर औतं दुरुस्त करायची, लोहाराने फाळ शेवटून द्यायचे, चांभाराने मोट आणि जोडे शिवायचे, न्हाव्याने घरातल्या सगळ्यांची डोकी करायची. दर वेळी पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर रास पडली की प्रत्येकाने येऊन आपला ठरलेला वाटा घ्यायचा. हेच बलुतं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघालं. गाव कुणाच्या कामावर चालतं आणि कुणाला काय मिळतं, हे ज्यांना पाहायचंय त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

आज बलुत्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणाला तो स्वयंपूर्ण गावाचा सुवर्णकाळ वाटतो, तर कुणाला निव्वळ शोषण. हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर त्यात जोखमीची वाटणी होती. पाऊस गेला की कुणब्याची रास लहान, म्हणून सुताराचा वाटाही लहान. पण वाटा काही ना काही मिळायचा आणि पुढच्या वर्षीही तेच गाव, तेच घर, तेच गिऱ्हाईक असायचं. कामावरून काढून टाकणं ही कल्पनाच त्यात नव्हती.

मात्र काम सोडून जाणं ही कल्पनाही नव्हती. न्हाव्याच्या मुलाने न्हावी व्हायचं हे जन्माआधीच ठरलेलं. सगळ्यात वाईट वाटणी महार आणि बलाही यांच्या पदरी. काम चोवीस तासांचं, हाक येईल तेव्हा धावायचं, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर आणि वर अस्पृश्यता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचं विधेयक मांडलं, ते याच बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून. थोड्याशा इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात माणसाला पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेता येऊ नये, ही त्यामागची भूमिका. विरोध इतका झाला की त्यांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. मुंबई राज्यात ही वतनं रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला.

म्हणजे नोकरीची हमी होती, पण सोडायची मुभा नव्हती. आज आपण नोटीस देऊन कंपनी बदलतो, ते स्वातंत्र्य किती नवं आहे हे यावरून कळतं.

नगावरची मजुरी

दुसरी तऱ्हा पाहायला इच्छापूरहून बऱ्हाणपूर गाठावं लागे. मोगलांच्या काळात हे शहर दख्खनचं दार होतं. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहून गेलाय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जायचं. त्या कापडाला शोभा यायची ती सोन्याचांदीच्या तारेने.

ही तार काढण्याचं काम म्हणजे तारकशी. चांदीच्या कांडीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती तापवून एकजीव करायची आणि पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची. भोकं एकापेक्षा एक बारीक. शेवटी तार केसासारखी व्हायची, तरी वरचा सोन्याचा थर तुटायचा नाही. मग ती ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. तोच कलाबूत, आपल्या शालू-पैठणीतली जर. ओढणारा वेगळा, ठोकणारा वेगळा, गुंडाळणारा वेगळा. तारेत भेसळ होऊ नये म्हणून जुन्या राजवटींत हे काम सरकारी देखरेखीखाली चालत असे. बऱ्हाणपूरच्या जरीचं नाव त्या तपासणीवर टिकलं होतं.

इंग्रजी अमलात ती देखरेख गेली. पुढे युरोपातून यंत्रावर काढलेली स्वस्त तार आली. तिच्यात सोनं नावापुरतं, पण चमक तीच. १९३१ साली सरकारने जरीच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी मालावर कर बसवला. तोवर बऱ्हाणपुरात तारकशीचा बराचसा पसारा आवरला होता.

विणकर मात्र टिकले. त्यांतले बरेच मोमीन. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून जी विणकर कुटुंबं मालेगाव, भिवंडी, बऱ्हाणपूर अशा गावांत येऊन स्थिरावली, त्यांचे हे वंशज. माग घरातच. पुरुष धोटा चालवायचा, बायका कांड्या भरायच्या, म्हातारी माणसं सूत उलगडायची, मुलं हाताशी. सकाळी गल्लीत ताणा पसरून त्याला खळ लावायची, म्हणजे पांजणी करायची. पावसाळ्यात ती करता यायची नाही, म्हणून माग बंद.

सूत व्यापाऱ्याकडून उचल म्हणून मिळायचं, विणलेलं लुगडं किंवा पागोटं त्यालाच द्यायचं आणि मजुरी नगावर. आजच्या भाषेत सगळं कुटुंब घरून काम करत होतं, पण मजुरी हातात यायची एकाच्या. बायकोच्या कांड्या आणि मुलाचे तास त्या नगाच्या दरातच धरलेले. भाव पडला की व्यापारी दर कमी करायचा आणि विणकर तेवढीच कमाई राखायला जास्त तास विणायचा. जास्त विणलं की बाजारात माल वाढायचा आणि भाव आणखी पडायचा. इथे वाईट वर्षाची सगळी जोखीम मागावर बसलेल्या माणसावर होती.

जिनचा हंगाम

तिसरी तऱ्हा रोजाची. तिचं मूळही एका युद्धात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला. पण कापसाखालची जमीन तशीच राहिली आणि १८७०पर्यंत मुंबई-जबलपूर लोहमार्ग भुसावळ, बऱ्हाणपूर, खांडवा असा पूर्ण झाला. रेल्वेच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या.

दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागला की जिन सुरू व्हायच्या आणि शिमग्याच्या आसपास थंडावायच्या. ओळीने लावलेली यंत्रं, प्रत्येकापुढे बसून किंवा उभं राहून कापूस भरणारी बाई. रुई एका बाजूला, सरकी खाली. हवेत इतके तंतू की नाकातोंडाला पदर बांधल्याशिवाय श्वास घेता येत नसे. पुढे प्रेसमध्ये रुई दाबून साधारण चारशे पौंडांची गाठ बांधायची. ते काम पुरुषांचं आणि हमालांचं.

१९३४च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. हंगामी कारखान्यांना मात्र ६० तासांची मुभा दिली, आणि जिन हंगामी. दिवसाला अकरा तासांपर्यंत काम चालायचं. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्याने १९२९ साली आणि मध्य प्रांताने १९३० साली केला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एका वर्षाच्या अंतराने हक्क आला, ही लहान गोष्ट नव्हती. पण भत्ता मिळायला अनेक महिने सलग नोकरी झालेली असावी लागे. चार-पाच महिने चालणाऱ्या जिनमधल्या बाईला सलग नोकरी कुठून दाखवता येणार? कायदा होता, पण ती त्याच्या व्याख्येबाहेर होती.

भोंगा आणि शिट्टी

चौथी तऱ्हा आपल्या ओळखीची: नियमित नोकरी. या टापूत ती दोन ठिकाणी मिळायची. एक, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बऱ्हाणपुरात निघालेली ताप्ती मिल. दुसरं, रेल्वे आणि तिचं मोठं ठाणं भुसावळ. खलाशी, गँगमन, पॉइंट्समन, फायरमन ही नावं खानदेशात घराघरात पोहोचली ती रेल्वेमुळे. ‘रेल्वेत आहे’ एवढं सांगितलं की मुलाचं लग्न ठरायचं.

खळ्यावरचं काम सूर्याने ठरायचं, मागावरचं नगाने, गिरणीतलं भोंग्याने. उशीर झाला की दंड, कापडात खोट निघाली की दंड. मुंबईच्या गिरण्यांत तर खराब झालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापत. त्याला लगाम घातला १९३६च्या वेतन कायद्याने. पगाराची मुदत एका महिन्यापेक्षा जास्त असू नये, हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात मुदत संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पैसे हातात पडावेत आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नसावा, असं त्यात लिहिलं गेलं. आपल्या पगारपत्रकात ‘कपात’ नावाचा जो स्वतंत्र रकाना दिसतो, त्याच्यामागे हा झगडा आहे. मालकाला मनाला येईल तसं कापता येऊ नये, म्हणून काय कापता येतं हे कायद्याने मोजून दिलं.

नियमित नोकरीतही हमी पक्की नव्हती. फेब्रुवारी १९३० मध्ये जीआयपी रेल्वेतल्या कामगारांनी मोठा संप केला. तो फसला.

मंदीत एक, युद्धात दुसरं

आता सुरुवातीचा प्रश्न. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे आणि धान्याचे भाव निम्म्याच्या आसपास खाली आले. शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र रोखीत ठरलेलं, ते कमी झालं नाही. शेतकरी बुडाला. बलुतेदाराला धान्य मिळालं, पण ते विकून कापड आणि मीठ घ्यायला गेलं तर हातात काहीच पडेना. विणकराचा दर पडला. जिनमध्ये रोज कमी झाला. त्यातल्या त्यात तगला तो ज्याची महिन्याची नोकरी टिकली तो. पगार तेवढाच आणि ज्वारी स्वस्त. ‘नोकरी म्हणजे सुरक्षितता’ हा विचार या भागातल्या घरांत पक्का झाला त्याला ही वर्षंही कारण झाली असावीत, असं मला वाटतं.

याच काळात, डिसेंबर १९३६ मध्ये, रावेरच्या पलीकडच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी गावातलंच सामान आणि गावातलेच कारागीर घेऊन मंडप सजवला. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा आणि कर्ज यांच्या सवलतींबरोबर आणखी एक मागणी होती: शेतमजुराला जगण्यापुरतं वेतन कायद्याने मिळावं. ज्याला खळ्यावर वाटाही नव्हता आणि महिन्याचा पगारही नव्हता, त्याचा विचार मोठ्या व्यासपीठावरून इथे मांडला गेला.

मग १९३९ साली युद्ध आलं आणि सगळं उलटं झालं. गिरण्यांना लष्करी कापडाच्या मागण्या आल्या आणि भोंगे जोरात वाजू लागले. पण काही वर्षांत महागाई दुपटीहून वर गेली आणि रोखीत पगार घेणारा माणूस रेशनच्या रांगेत उभा राहिला. ज्याला मोबदला धान्यात मिळत होता त्याच्या घरात निदान दाणा होता. हातमागवाला सुताच्या टंचाईत सापडला. गिरणीकामगारांनी भांडून महागाई भत्ता मिळवला आणि तो तेव्हापासून सगळीकडे रूढ झाला. युद्धानंतर १९४८ साली नवा फॅक्टरी कायदा, किमान वेतन कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा आला. १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला.

या चार तऱ्हांतली कुठलीच प्रत्येक वाईट वर्षात तारणारी नव्हती. धान्याची महागाईत तारायची, रोखीची मंदीत. नगाची दोन्हींत मारायची. रोजाची हंगाम संपला की संपायची. पगारपत्रकावरचे रकाने त्यातल्या एकेका वाईट वर्षाने शिकवलेले आहेत. ते कुणा कंपनीने आपखुशीने दिलेले नाहीत.

आज

ताप्ती मिल १९७४च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि मार्च २०२०च्या टाळेबंदीत बंद पडली. बऱ्हाणपुरात आज हातमागांच्या जागी यंत्रमाग आहेत. गल्लीतून जाताना खडखडाट ऐकू येतो. आजही अनेक ठिकाणी सूत व्यापाऱ्याचं, माग विणकराचा आणि मजुरी मीटरवर. शंभर वर्षांत वीज आली, पण हिशेबाची तऱ्हा तीच राहिली.

आणि ती तऱ्हा आपल्या शहरातही परतलीय. घरी जेवण आणून देणारा मुलगा फेरीवर पैसे घेतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पाऊस पडला तर भिजणंही त्याचं. ही व्यवस्था चालवणारी ॲप माझ्यासारखेच इंजिनिअर लिहितात. एका फेरीचा दर किती, उशीर झाला तर काय कापायचं, हे कुठेतरी एका ओळीत ठरतं. १९३६ साली जो प्रश्न कायद्याने सोडवला, तो आता पुन्हा कुणीतरी संगणकासमोर बसून सोडवतंय, बहुतेक वेळा तो प्रश्न आहे हे लक्षातही न येता.

म्हणून या धंद्यातल्या माझ्या वयाच्या वाचकांना एक सुचवावंसं वाटतं. दर ठरवण्याचं काम हाती आलं की एकदा विचारावं: वाईट दिवस आला तर या हिशेबात नुकसान कुणाच्या नावावर लिहिलं जाईल? आणि इंदूरच्या बाजूला कधी गेलात तर त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं गावही पाहून या. देवीच्या टेकडीवर चढलं की एका बाजूला बऱ्हाणपूरकडची आणि दुसऱ्या बाजूला मुक्ताईनगरकडची शेतं दिसतात. मधली सरहद्द वरून ओळखू येत नाही.